निम्म्या किमतीचं पुस्तक

जून लागला की आई मला घेऊन गल्लीतल्या एका घरी जायची. तिथली मुलगी माझ्या एक इयत्ता पुढे. तिची जुनी पुस्तकं आम्ही निम्म्या किमतीत घ्यायचो. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात सगळेच असं करायचे, पण मी तिच्याच पुस्तकांसाठी हटून बसायचे. कारण ती अर्धी नवी असायची. सुरुवातीची पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, कुठे तेलाचा डाग, कुठे पेन्सिलीने सोडवलेली गणितं. मध्यावर आलं की मात्र एकदम कोरी करकरीत पानं. नाकाशी धरली की छपाईचा वास यायचा. "पोरगी पुस्तकं जपते हो," आई कौतुकाने म्हणायची.

ते जपणं नव्हतं. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि तीही त्यांच्याबरोबर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असायची. ती फेडायची तर नवराबायको मिळून एक कोयता चालायला हवा. मग कोपीपाशी धाकट्याला सांभाळणार कोण, पाणी भरणार कोण? हंगाम संपून, पट्टा पडून माणसं गावात परतायची तोवर एप्रिल आलेला असायचा. गुणाकार ती शाळेत शिकून जायची. भागाकाराची तिची गाठच पडली नाही. मोळ्या मात्र माझ्यापेक्षा भराभर मोजायची.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरात पैसा फार नव्हता, पण वार्षिक परीक्षेपर्यंत मला त्याच बाकावर बसता येत होतं. गरिबी म्हटलं की आपण फी, दप्तर, गणवेश मोजतो. वर्षभर एका जागी राहता येणं ही केवढी मालमत्ता, ते ज्यांच्याकडे ती असते त्यांच्या ध्यानातही येत नाही.

रयतेच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलं होतं. निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांचं मागणं होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मनावर घेतलं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून ते देशात लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परततात तोही हाच सुमार.

आता पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीआजोबांपाशी राहून शाळा टिकवणारी मुलं आहेत. तरी वयात आलेली मुलगी मागे ठेवताना आईबापांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. आणि उचल फेडायची राहतेच.

आठवीची पुस्तकं मला तिच्याकडून मिळाली नाहीत. ती सातवीतच थांबली. तिचं लग्न झालं होतं. एकट्या माणसाला फडावर अर्धा कोयता म्हणतात. तिच्या नवऱ्याचा कोयता आता पुरा झाला होता.

त्या जूनमध्ये आईने दुकानात पहिल्यांदा पुस्तकांचे पूर्ण पैसे मोजले. मला वाईट वाटलं, ते त्या पैशांचं.