उजीचा नवा चहा

जपानचा वसंत म्हटला की आपल्याला साकुराच आठवतो. तिथली माणसं मात्र फुलं गळून गेल्यावर नव्या चहाची वाट पाहू लागतात. त्यांच्या पंचांगात वसंतारंभ 4 फेब्रुवारीच्या सुमारास येतो आणि तिथून अठ्ठ्याऐंशीवा दिवस मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. आपला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो, तसा चहामळेवाला या दिवसाकडे. हिमाचं भय सरतं आणि खुडणीला वेग येतो. या दिवशी खुडलेला चहा प्यायला की वर्षभर प्रकृती ठणठणीत राहते, अशी श्रद्धा आहे. ते दिवस साधूनच मी उजी या चहाच्या गावी गेले.

क्योतोहून नाराच्या दिशेची गाडी जेमतेम अर्ध्या तासात उजीला पोचवते. स्टेशनबाहेरची टपालपेटीसुद्धा चहाच्या बरणीच्या आकाराची! नदीच्या रस्त्याला लागलं की दुकानादुकानांतून चहा भाजल्याचा खमंग वास येतो. उजी नदीवर पहिला पूल 646 मध्ये बांधला गेला, असं मानतात. आजच्या पुलाला मध्येच एक सज्जा काढलेला आहे. चहासमारंभासाठी सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी इथूनच पाणी काढवून घ्यायचा, अशी आख्यायिका आहे. पुलाच्या टोकाला 1160 पासून आपला इतिहास सांगणारं चहाचं दुकान अजून चालू आहे.

पलीकडच्या काठावर ब्योदो-इन. 1052 मध्ये धर्माच्या ऱ्हासाचं युग सुरू होणार, अशी धास्ती तेव्हाच्या जपानला होती. त्याच वर्षी फुजिवारा योरिमिची या सत्ताधीशाने वडिलांच्या हवेलीचं मंदिर केलं आणि पुढच्या वर्षी इथलं फिनिक्स दालन उभं राहिलं. आत जोचो या शिल्पकाराने घडवलेला सोनेरी अमिदा बुद्ध आहे. मी पर्समधून दहा येनचं नाणं काढलं आणि त्यावरचं दालन समोरच्या दालनाशी ताडून पाहिलं. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, छपरावरची पक्ष्यांची जोडी, सगळं जागच्या जागी. तळ्याकाठी विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत होते.

चहा उजीत आला तो भिक्षूंबरोबर. एइसाई 1191 मध्ये चीनहून चहाचं बी घेऊन परतला. त्याच्याकडून ते म्योए या भिक्षूला मिळालं आणि पुढे या नदीकाठी मळे उभे राहिले. तोकुगावा शोगुनांच्या काळात इथला चहा बरण्यांत भरून मिरवणुकीने एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जायचा आणि वाटेवरची माणसं अदबीने बाजूला व्हायची. 1738 मध्ये जवळच्याच गावातल्या नागातानी सोएनने पानं वाफवून, मळून वाळवण्याची रीत बसवली. जपानच्या घराघरातला हिरवा चहा बनतो तो याच रीतीने.

गावाबाहेरचे मळे आच्छादनाखाली झाकलेले होते. ऊन लागलं की पानाला गोडी देणाऱ्या थिॲनिनचं तुरट कॅटेचिन होतं. म्हणून खुडणीआधी सुमारे वीस दिवस झुडपांना सावलीत ठेवतात, तेव्हा कुठे पानात गोडी टिकते. आच्छादनाच्या फटीतून पाहिलं, तर अंधुक उजेडात कोवळी पानं गर्द हिरवी दिसत होती.

एका दुकानात मी ग्योकुरो हा असाच सावलीत वाढवलेला चहा मागवला. दुकानातल्या बाईंनी उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत साठ अंशांपर्यंत निववलं, चिमुकल्या किटलीतल्या पानांवर घातलं आणि दोन मिनिटं शांत बसून राहिल्या. मग शेवटचा थेंबही पेल्यात निथळू दिला. जेमतेम दोन घोट होते. जिभेवर दाट, किंचित खारट गोडवा रेंगाळला. उरलेली पानं त्यांनी पोन्झू हा आंबटसर सॉस घालून खायला दिली. इतकी कोवळी पानं वाया घालवायची नसतात.

उजीत मला पटलं की चवीचा मोठा भाग वाट पाहण्यातच असतो. जपानला जायचं ठरवत असाल, तर साकुराइतकाच मेचाही विचार करा. पहिल्या आठवड्यातली सुट्ट्यांची गर्दी टाळून उजीला जा, ब्योदो-इन बघा आणि पाणी निवेपर्यंत थांबण्याइतका वेळ नक्की हाताशी ठेवा.