मोटारीचें तेलपाणी

पांढरपेशा वर्गांत जन्मलेल्या माणसाला हातांनीं काम करण्याची आवड असली तर तिचें समर्थन करावें लागतें. बागकाम करणाराला फारसा त्रास होत नाहीं. गुलाबाचीं कलमें करणारा प्राध्यापक रसिक समजला जातो. स्वयंपाक करणारा नवरा तर आजकाल कौतुकाचाच विषय झाला आहे. परंतु सुट्टीच्या दिवशीं सकाळीं जुना सदरा अंगांत घालून मोटारीखालीं उताणा पडणारा, आणि दोन तासांनीं कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर येणारा गणिताचा प्राध्यापक आमच्या लोकांना कोड्यासारखा वाटतो. "पैसे बरेच वाचत असतील, नाहीं?" हा प्रश्न मला इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर प्रथमच देऊन टाकतों. फारसे वाचत नाहींत. तेल आणि गाळणी मिळून मला सुमारें ४० डॉलर पडतात. दुकानदार त्याच कामाचे ६०-७० घेतो. वर्षांतून दोनदां हें काम केलें तर वाचलेल्या पैशांत आम्हां नवराबायकोचें एक जेवण कसेंबसें बाहेर होईल. शिवाय पाने, बुटका जॅक, लोखंडी घोड्या, नरसाळीं यांवर आजवर जें खर्चलें आहे त्याचा हिशेब मीं घरांत कोणालाही दाखविलेला नाहीं.

मी अमेरिकेंत ओहायो राज्यांतील एका लहान महाविद्यालयांत शिकवितों आणि माझ्याजवळ १९९६ सालची एक माझ्दा मियाटा आहे. मियाटा हें तिचें येथलें नांव. इतरत्र तिला एम्. एक्स्.-५ म्हणून ओळखतात. हिरोशिमाच्या कंपनीनें १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आणली. दोनच आसनें, मागें दुमडतां येणारें कापडी छप्पर, आणि वजन जेमतेम हजार-अकराशें किलो. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत लोटस एलानसारख्या ज्या चिमुकल्या मोटारी होत्या त्यांची गंमत पुन्हां आणावी, हा तिच्या जनकांचा हेतु. त्या इंग्रजी मोटारी जेथें उभ्या राहत तेथें तेलाचा थेंब ठेवून जात, अशी त्यांची ख्याति होती. जपान्यांनीं गंमत ठेवली आणि थेंब बंद केला. लोकांना हा व्यवहार पसंत पडला. २०१६ च्या एप्रिलांत दहा लाखावी मोटार कारखान्यांतून बाहेर पडली. माझी मोटार मीं २००९ सालीं एका पेन्शनर गृहस्थाकडून विकत घेतली, तेव्हां आमच्या कुटुंबानें तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलें, "अहो, घरांत माणसें तीन आणि आसनें दोन! सामान कुठें ठेवायचें तें तर विचारीतच नाहीं." या प्रश्नाला मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं आणि अजूनही येत नाहीं.

आरंभीं तेल बदलण्यासाठीं मी चार लोकांप्रमाणें दुकानांतच जात असें. आमच्या गांवांत असें एक दुकान होतें. जमिनींत लांबट खड्डा, त्यावर मोटार उभी करायची. खालीं एक मुलगा, वर एक मुलगा, आणि भिंतीवर घड्याळ. दहा-बारा मिनिटांत काम उरके. २०११ च्या उन्हाळ्यांत माझ्या मोटारीखालीं फरशीवर काळे ठिपके दिसूं लागले. इंग्रजी मोटारींची आठवण झाली, पण आनंद झाला नाहीं. इंजिनाच्या तळाशीं तेल सांठण्याचें जें भांडें असतें त्याला आपल्याकडचे मिस्त्री चेंबर म्हणतात. त्या चेंबरचें बूच कोणी तरी वाकडें लावून यंत्राच्या जोरानें आवळलें होतें, आणि आटे पार गेले होते. तें बूच भर रस्त्यांत गळून पडलें असतें तर थोड्याच वेळांत इंजिन कोरडें होऊन त्याचा निकाल लागला असता. दुकानाच्या व्यवस्थापकानें अर्थातच हात वर केले.

त्या खड्ड्यांत काम करणारांपैकीं एक मुलगा सकाळीं आठ वाजतां माझ्या कलनशास्त्राच्या वर्गांत बसत असे. मागच्या बाकावरून तो जांभया देई, आणि त्याच्या नखांच्या कडा नेहमीं काळ्या असत. माझ्या बुचाची कथा त्याच्या कानांवर गेली होती. एके दिवशीं तास संपल्यावर तो मागें राहिला आणि म्हणाला, "प्रोफेसर, बूच आधीं नुसत्या बोटांनीं दोन-तीन फेरे बसवायचें असतें. तें सरळ जात आहे कीं नाहीं तें बोटांना कळतें. मग पाना लावायचा. पण तेवढा वेळ आम्हांला कोणी देत नाहीं." माझें बूच त्यानें बसविलें होतें कीं दुसऱ्या कोणी, हें मीं विचारलें नाहीं आणि त्यानें सांगितलें नाहीं. पुढच्या रविवारीं तो थोड्या जाड आट्यांचें नवें बूच घेऊन घरीं आला आणि मला मोटारीखालीं घेऊन गेला. दीड तास मी त्याचा विद्यार्थी होतों. पैसे त्यानें घेतले नाहींत. आमच्या घरचे पोहे मात्र दोनदां मागून घेतले. सहामाहीच्या अखेरीस त्याला मिळालेले गुण सामान्यच होते, आणि त्याच्या उत्तरपत्रिकेला तेच योग्य होते, असें मी आजही म्हणेन. मात्र 'आधीं बोटांनीं, मग पान्यानें' हें त्याचें वाक्य मीं उचललें. नवें सूत्र शिकवितांना तें मी वर्गांत सांगतों, आणि तें कोणाचें हेंही सांगतों.

काम तसें साधें आहे. इंजिन पांच-सात मिनिटें चालवून तेल कोमट करून घ्यायचें, म्हणजे तें पातळ होऊन तळाचा मळ घेऊन बाहेर येतें. मोटार जॅकनें उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं शिरायचें नाहीं. त्या बाबतींत धाडस दाखवून माणसें मेलीं आहेत. १९ चा पाना लावून बूच एकदां सैल झालें कीं पुढें बोटांनीं फिरवायचें, आणि शेवटचा आटा सुटतांच हात चटकन बाजूला घ्यायचा. तेल मुकाट्यानें सरळ खालीं येत नाहीं. तें प्रथम कमान करून लांब उडतें, आणि आंतला साठा जसजसा कमी होतो तसतशी ती कमान आंखूड होत येते. भांडें नेमकें कोठें ठेवावें, हा प्रश्न गतिशास्त्राच्या पुस्तकांत सोपा आहे.

खरी परीक्षा गाळणीची, म्हणजे तेलाच्या फिल्टरची. इंजिनाच्या उजव्या अंगाला, हवा आंत घेणाऱ्या नळ्यांच्या खालीं, ती अशा कोपऱ्यांत दडवलेली आहे कीं, ज्यानें ती जागा ठरविली त्यानें ती स्वतः कधीं काढली नसावी असा मला दाट संशय आहे. खालून हात घातला तर मनगट अडतें, वरून घातला तर कोपर. कसाबसा पंजा पोंचतो, पण डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. गाळणी सुटतांच तिच्यांतलें तेल मनगटावरून कोपराकडे ओघळूं लागतें. माझी मुलगी त्या वेळीं बारा वर्षांची होती. तिचा हात तेथें अगदीं सहज जाई. म्हणून पहिलीं पांच-सहा वर्षें गाळणीचें खातें तिच्याकडे होतें. नव्या गाळणीच्या रबरी कड्याला ताज्या तेलाचें बोट लावायचें, जुनें कडें इंजिनालाच चिकटून राहिलेलें नाहीं ना तें चांचपून पाहायचें, मग गाळणी हातानें बसवायची आणि कडें टेकल्यावर आणखी पाऊण फेरा द्यायचा. पाना लावायचा नाहीं. हें सर्व तिला इतकें पाठ झालें होतें कीं, मीं पान्याकडे नुसतें पाहिलें तरी ती "बाबा!" म्हणून दटावी.

मग वरून नवें तेल, चार लिटरांच्या आंतबाहेर. डब्यावर ५-डब्ल्यू-३० असें लिहिलेलें असतें. त्यांतला डब्ल्यू म्हणजे हिंवाळा. पहिला आंकडा थंडींत तेल किती सहज वाहील तें सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहील तें. मधासारखें दिसणारें तें तेल ओततांना मला बीचम टॉवर या इंग्रज एंजिनियराची आठवण होते. १८८३ च्या सुमारास तो आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर येऊं लागलें. त्यानें भोंकाला बूच बसविलें. तेलानें तें ढकलून दिलें. लांकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. फिरणारा आंस स्वतःच तेल खेंचून भाराखालीं कोंबीत होता, आणि सगळा भार त्या पातळ पडद्यावर तरंगत होता. धातूला धातु लागतच नव्हता! पुढें १८८६ सालीं मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांतील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं या गोष्टीचें समीकरण मांडलें. तें समीकरण मी फळ्यावर पुष्कळ वर्षें सोडवून दाखवीत आलों आहें. हल्लीं त्याच्या आधीं त्या खुंटीची गोष्ट सांगतों. मागच्या बाकावरचीं मुलें तेवढ्यापुरतीं जागीं होतात.

तेलाच्या दाबाचा कांटा समोरच्या फळीवर असतो. १९९४ पर्यंतच्या मियाटांत तो खरा दाब दाखवी. वेग वाढला कीं वर जाई, इंजिन तापून मंद फिरूं लागलें कीं खालीं येई. १९९५ पासून तो नांवाचाच राहिला. थोडासा दाब असला कीं तो मध्यावर जाऊन बसतो आणि तेथेंच राहतो. माझी मोटार १९९६ ची. आमच्या महाविद्यालयांत दर वर्षीं विद्यार्थ्यांच्या समाधानाचे जे तक्ते निघतात ते पाहिले कीं मला तो कांटा आठवतो. त्यापेक्षां कान बरे. तेल जुनें किंवा कमी झालें कीं थंड सकाळीं इंजिनाच्या माथ्यावरून टक्-टक् असा आवाज येतो. झडपांच्या टॅपेटांत तेल नीट भरत नाहीं, त्याचा तो आवाज. नवें तेल घातल्यावर तो बहुधा थोड्या वेळांत विरून जातो.

माझे वडील सातारच्या एका कचेरींत कारकून होते. त्यांच्या चेतक स्कूटरच्या इंजिनाचें तेल बदलावें लागत नसे. तें पेट्रोलांतच मिसळून घालीत. बाकीच्या कामासाठीं ते मिस्त्रीकडे जात आणि पांढरा रुमाल हातांत धरून दोन हात दूर उभे राहत. २०१३ सालीं ते आमच्याकडे आले तेव्हां त्यांचें वय ७८ होतें. मी मोटारीखालीं होतों. ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "एवढें शिकलास, सातासमुद्रापलीकडे आलास, तें यासाठीं?" मीं उत्तर दिलें नाहीं. तेवढ्यांत त्यांची नात गाळणी काढून बाहेर आली आणि तिनें आपले काळे हात त्यांच्यासमोर धरले. त्यांनीं तें तेल बोटावर घेऊन हुंगलें. "आमच्या वंगणाला असा वास नव्हता," ते तिला म्हणाले. "अण्णा गाडीच्या कण्याला वंगण घालीत, तेव्हां नळकांडें मी धरीत असें."

माझे आजोबा जमीन कसत होते, त्यांची बैलगाडी होती, हें मला माहीत होतें. पण वंगणाचें नळकांडें हे शब्द वडिलांच्या तोंडून मीं त्यापूर्वीं कधीं ऐकले नव्हते. कचेरींतल्या इतक्या वर्षांत त्यांनीं ते कोठें ठेवले होते कोण जाणे! दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सुनेकडून शिवणयंत्राची तेलदाणी मागून घेतली आणि आमच्या घरांतल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलें.

निघालेलें तेल काळें असतें म्हणून त्याला दोष देणें बरोबर नाहीं. काजळी आपल्या अंगावर घेऊन ती इंजिनाला चिकटूं न देणें, हें त्याचें कामच आहे. साताऱ्यास मिस्त्रीकडचें काळें तेल लोक मागून नेत आणि वाळवी लागूं नये म्हणून लांकडी खांबांना फाशीत. येथें तें जमिनींत किंवा गटारांत ओतूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. एक गॅलन जुनें तेल दहा लाख गॅलन गोडें पाणी नासवूं शकतें, असें येथील पर्यावरण-संरक्षण खातें सांगतें. मोटारींचे सुटे भाग विकणारीं पुष्कळ दुकानें तें फुकट घेतात. शुद्ध केलें कीं त्याचें पुन्हां तेल होतें, कारण तेल झिजत नाहीं, मळतें. मी झांकणाच्या डब्यांत भरून तें घेऊन जातों. दुकानांतला तरुण दर वेळीं विचारतो, यांत पाणी किंवा दुसरें कांहीं मिसळलेलें नाहीं ना?

मुलगी आतां सिएटलला असते. तिची मोटार विजेची आहे. तीत इंजिनाचें तेल नाहीं, गाळणी नाहीं, बूच नाहीं. आणि ज्या इमारतींत ती राहते तिच्या भाडेपत्रांत आवारांत मोटार दुरुस्त करण्याचीच मनाई आहे. मला तिची मोटार आवडते. तिच्या पोटांत नदी नासवील असें काळें तेल नाहीं. आमच्या गांवांतलें तें खड्ड्याचें दुकान बंद पडलें. तो विद्यार्थी एका यंत्रशाळेंत आहे आणि नाताळांत पत्र पाठवितो. गाळणीचें खातें पुन्हां माझ्याकडे आलें आहे. माझा हात पूर्वींपेक्षां जाड झाला आहे, आणि मोटारीखालून निघून उठून बसण्यासाठीं दोन्ही कोपरें जमिनीला टेकावीं लागतात. मोटारीच्या खणांत एक वही असते; तींत तारीख, मैल आणि तेलाचा प्रकार लिहितों. पहिल्या कांहीं पानांवर मुलीचें गोलसर अक्षर आहे. २०१३ च्या एका नोंदीखालीं वडिलांची कारकुनी वळणाची सही आहे; साक्षीदार म्हणून त्यांनीं ती आपण होऊन केली. शेवटची नोंद गेल्या ऑक्टोबरांतली, १,१८,४०० मैलांची. पुढची बर्फ वितळल्यावर, मार्चअखेर.