काकडीचा हंगाम आणि श्वानाचें ऊन

जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत युरोपखंडांतील मोठालीं शहरें अर्धीअधिक ओस पडतात. विधिमंडळांस सुटी असते, न्यायालयांचीं कामें मंदावतात; पॅरिसमधील कित्येक पाववालेही दुकानाच्या दारावर पाटी लावून समुद्राकडे निघून जातात. वर्तमानपत्रांस मात्र सुटी नाहीं. त्यांचीं पानें रोज भरावींच लागतात. या दुष्काळी दिवसांना इंग्रज लोक ‘खुळा हंगाम’ म्हणतात. छापील इंग्रजींत हें नांव निदान १८६१ पासून रूढ आहे. जर्मन भाषेंत याच दिवसांना ‘आंबट काकडीचा काळ’ असें नांव असून डच, पोलिश, झेक, नॉर्वेजियन या भाषांतही काकडीच हजर आहे! काकड्या खारवून बरण्या भरण्याचा जो मोसम, तोच व्यापाराच्या मंदीचा, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात.

या हंगामाचें पीकही तसेंच. २००६ सालीं जर्मनींतील म्युन्स्टर शहराच्या तळ्यावर पेट्रा नांवाची एक काळी हंसी, हंसाच्या आकाराच्या व पायांनीं चालवावयाच्या एका पांढऱ्या होडीवर अनुरक्त झाली, आणि कांहीं केल्या तिची पाठ सोडीना. हिंवाळ्यांत दोघांचीही सोय प्राणिसंग्रहालयांत करावी लागली. (दमयंतीच्या हंसानें येथें कोणती शिष्टाई केली असती, हें वाचकांनींच ठरवावें.) जुलै २०२३ मध्यें बर्लिनलगतच्या क्लाइनमाख्नो गांवीं सिंहीण मोकळी सुटल्याची आवई उठली. पोलिसांनीं हेलिकॉप्टरें आणून दीड दिवस रान धुंडाळलें, आणि अखेर तज्ज्ञांनीं चित्रफीत पाहून निर्णय दिला कीं, हें बहुधा रानडुकर!

आम्हांस स्वतःला या बातम्यांहून फ्रेंच लोकांचा ‘कानिक्यूल’ हा शब्द अधिक गोड वाटे. कडक उष्म्याच्या लाटेचें हें नांव. मूळ लॅटिन अर्थ ‘लहानशी कुत्री’. आमचें मृगनक्षत्र तोच ग्रीकांचा शिकारी, आणि आम्ही ज्यास व्याध म्हणतों तो तारा त्या शिकाऱ्याचा कुत्रा. हा तारा सूर्योदयापूर्वीं पुन्हा दिसूं लागला कीं ऊन तापतें, अशी त्या प्राचीनांची समजूत. जर्मन लोकही या दिवसांना श्वानदिनच म्हणतात. लॅटिन ‘कानिस’, जर्मन ‘हुंड’ आणि आमचा ‘श्वन्’ हीं एकाच मुळाचीं रूपें होत. ‘शुनः’पाशीं हमखास अडखळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही गंमत सांगितली म्हणजे त्यांचा राग थोडा निवळे.

परंतु ऑगस्ट २००३ नंतर हा शब्द फ्रान्समध्यें कोणी गमतीनें उच्चारीत नाहीं. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांतील उष्म्यानें तेथें सुमारें पंधरा हजार माणसें दगावलीं. त्यांतलीं बहुतेक वृद्ध, आणि पुष्कळशीं आपापल्या खोल्यांत एकटीं. मुलें गांवाबाहेर, शेजारी गांवाबाहेर, कित्येक वैद्यही रजेवर. ज्या सुटीनें वर्तमानपत्रांना बातमी मिळेना, त्याच सुटीनें हीं दारें ठोठावण्यास कोणी उरलें नव्हतें. ज्यांस नेण्यास कोणीच आलें नाहीं अशा सत्तावन्न जणांचें दफन ३ सप्टेंबर रोजीं पॅरिसजवळील तिए येथील स्मशानभूमींत झालें. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक त्या वेळीं उभे होते.

पुढल्याच वर्षीं तेथें कायदा झाला. प्रत्येक नगरपालिकेनें एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवावयाची, आणि कानिक्यूलचा इशारा मिळतांच त्यांची विचारपूस करावयाची. वहींत नांव आपोआप चढत नाहीं. तें ज्याचें त्यानें, किंवा त्याच्या आप्तांनीं वा शेजाऱ्यांनीं जाऊन घालावें लागतें.