थेंबाचा हिशेब होतो, गुणवत्तेचा का नाही?

हिवरे बाजारला गेलो, तेव्हा आम्ही बंधाऱ्यांपेक्षा ग्रामसभेकडेच जास्त पाहिले. १९८९ साली एम.कॉम. झालेले पोपटराव पवार इथे सरपंच झाले. पुढे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरू लागली. बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गायले नाहीत, आम्हीही गाणार नाही. पण हा उघड हिशेब घेण्याजोगा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये लॅटरल एन्ट्रीतून सहसचिव, संचालक, उपसचिव अशा ४५ पदांची जाहिरात निघाली. आरक्षण नव्हतेच. विरोध झाला, तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. मात्र बड्या पदांच्या मुलाखती बंद दाराआडच होतात. आडनाव कळताच बदललेला सूर आम्ही ऐकला आहे. गुणपत्रिकेत तो उमटत नाही.

मित्रांनो, जागा मागताना हेही विचारा: निवड समितीवर कोण बसले आहे?

जय भीम!