तुसडा शेजारी

लहान मुलांच्या कार्यक्रमांत सारे कसे गोड असते. ससा गोड, सूर्य गोड, गोष्ट सांगणाऱ्या ताई तर बोलताना साखरच पेरत असतात. अशा या गोडव्याच्या राज्यात १९६९ च्या नोव्हेंबर महिन्यात एक तिखट पाहुणा आला आणि कायमचा मुक्काम ठोकून बसला. अमेरिकेत त्या महिन्यात ‘सेसमी स्ट्रीट’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कमधल्या एका साध्या गल्लीचा देखावा, तिथे राहणारी माणसे आणि त्यांच्यात मिसळून गेलेल्या बाहुल्या, असे तिचे रूप. त्या गल्लीत पत्र्याचा एक कचऱ्याचा डबा आहे. त्याचे झाकण वर होते, जाड भुवयांचा एक केसाळ चेहरा बाहेर डोकावतो, ‘चालते व्हा’ असे बजावतो आणि झाकण आदळून आत जातो. हा ऑस्कर द ग्राउच. ग्राउच म्हणजे कुरकुऱ्या, तिरसट, ज्याच्या कपाळावरची आठी कधी मोडत नाही असा.

पहिल्या वर्षी हा ऑस्कर नारिंगी होता. दुसऱ्या वर्षी तो हिरवा झाला. एका दलदलीच्या ठिकाणी सुट्टी घालवल्याने रंग बदलला, असे त्याचे स्पष्टीकरण. त्याला फाटके, मोडके, कुबट असे सारे आवडते. छान ऊन पडले की त्याचा दिवस बिघडतो. त्याच्या जिवाचा जीव म्हणजे स्लायमी नावाचा एक गांडुळासारखा किडा. त्याच्यावर मात्र त्याची निरतिशय माया.

हे पात्र मी प्रथम पाहिले ते वयाची साठी उलटल्यावर, न्यू जर्सीत लेकीच्या घरी. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी सहा महिने तिकडे होते. थोरला नातू तेव्हा चार वर्षांचा. मूल गुणी, पण जात्याच घुम्या. दारावरची घंटा वाजली की स्वारी जेवणाच्या टेबलाखाली. कोणी लाडाने गालाला हात लावला तर तो हात झटकून टाकी. नवा शर्ट, नवी भाजी, नवा माणूस, सर्वांना पहिला जबाब एकच : ‘नको.’ आपल्याकडच्या मंडळींना असे मूल पाहवत नाही. ‘अरे, हस की जरा! एवढं तोंड का पाडलंस?’ हा प्रश्न त्या सहा महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकला की तो विचारणाऱ्याच्या आधी माझ्याच कानांत वाजू लागला.

प्रश्न गमतीचा राहिला नव्हता. बालवाडीच्या शिक्षिकांनी मूल कोणात मिसळत नाही असे कळवले होते. घरात दोन महिन्यांचे तान्हे, लेक रात्रभर जागी, आणि तिच्या मनात एकच किडा : याचे काही बिनसले तर नाही ना? अखेर बालरोगतज्ज्ञांकडे जायचे ठरले. त्यांनी घाई केली नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, बोलणे वयाच्या मानाने किती, एकटा असताना काय खेळतो, ओळखीच्या माणसांशी कसा वागतो, हे सारे विचारले. कान तपासून घेतले. मूल त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून बसले होते. विसाव्या मिनिटाला ते आपण होऊन टेबलापाशी आले आणि तिथल्या लाकडी रेल्वेचे डबे जोडू लागले. त्या म्हणाल्या, ‘आजार काही दिसत नाही. याला वेळ लागतो, एवढेच. तो वेळ त्याला द्या.’

‘स्वभावाला औषध नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा हताशपणे उच्चारली जाते. परंतु वैद्यकशास्त्राने या स्वभावाचाच अभ्यास फार आस्थेने केला आहे, आणि योगायोग असा की त्यातला एक गाजलेला अभ्यास ऑस्करच्याच शहरातला, न्यूयॉर्कमधला आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांना आढळले की सुमारे ४० टक्के मुले सहज रुळणारी असतात, सुमारे १० टक्के हट्टी आणि तीव्र प्रतिक्रिया देणारी, तर सुमारे १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी. उरलेल्यांत या छटांचे मिश्रण असते. त्यांच्या मते मुलाचा स्वभाव कसा आहे, यापेक्षा त्या स्वभावाशी घराची आणि शाळेची जुळणी किती होते, याला अधिक महत्त्व आहे. अवघड म्हणवले जाणारे मूलही जुळणी नीट झाली तर उत्तम वाढते.

ऑस्करची गल्ली मला या जुळणीचा वस्तुपाठ वाटते. त्या गल्लीत कोणीही त्याला सुधारायला निघत नाही. सकाळ झाली की शेजारी नेमाने डब्यावर टकटक करतात, तो खेकसतो, ते हसून पुढे जातात. तो ‘चालते व्हा’ म्हणतो खरा, पण टकटक झाली की झाकण उघडतोच. हे पाहता पाहता एका दुपारी नातवाने, टीव्हीवरची नजर न काढता, मला सांगितले, ‘आजी, तो रागावलेला नाहीये. तो तसाच आहे.’ इतके लांब वाक्य त्याने त्या दिवसात दुसरे उच्चारले नव्हते.

त्या बाहुलीच्या आतला माणूसही समजून घेण्याजोगा आहे. कॅरोल स्पिनी हे कलावंत १९६९ पासून २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ऑस्कर साकारत राहिले. त्याचा आवाज आपल्याला न्यूयॉर्कच्या एका खडूस टॅक्सीचालकाकडून मिळाला, असे ते सांगत. आणि हेच स्पिनी त्याच मालिकेतला बिग बर्डही होते : आठ फुटांहून उंच, पिवळाधमक, सहा वर्षांच्या मुलासारखा निरागस पक्षी. निरागसता आणि तिरसटपणा, दोन्हींची सोय एकाच माणसात पन्नास वर्षे होती. आपल्या घरातल्या मुलांतही ती असते. पाहुण्यांसमोर मात्र आपल्याला फक्त पिवळा पक्षी हवा असतो.

इथे एक गफलत होऊ शकते. स्वभाव स्वीकारायचा म्हणजे वागणे मोकाट सोडायचे असे नव्हे. मालिकेचा १९७८ मध्ये नाताळानिमित्त सादर झालेला एक विशेष भाग आहे. त्यात ऑस्कर बिग बर्डला चिडवतो : एवढा मोठा सांताक्लॉज धुराड्यातून खाली उतरणार तरी कसा? भोळा पक्षी काळजीत पडतो आणि उत्तर शोधण्यासाठी बर्फाळ रात्री छतावर जाऊन बसतो. सारी गल्ली त्याला शोधू लागते. तेव्हा शेजारीण मारिया ऑस्करला खडसावते, आणि ऑस्कर कुरकुरतच त्याला शोधायला निघतो. चेहरा हसरा कर, असे तिने त्याला सांगितले नाही. दुसऱ्याला दुखावल्याचा भार मात्र उचलायला लावला.

आमच्या घरात नियम ठरले ते याच धर्तीवर. पाहुणे येणार हे नातवाला सकाळीच सांगायचे. आल्यावर टेबलाखाली बसायची मुभा, पापा देण्याची वा गाणे म्हणून दाखवण्याची सक्ती नाही. पाहुण्यांनाही आधीच सुचवायचे की त्याच्याकडे दहा मिनिटे पाहू नका. पण खेळणे फेकले, बाळाला ढकलले, तर तो खेळ तिथेच थांबेल. मग रडो वा ओरडो. रागाला नाव द्यायचे : ‘तुला कंटाळा आला आहे,’ ‘तुला गोंगाट नको आहे.’ नाव मिळाले की राग निम्मा निवळतो, हा अनुभव बहुतेक आयांना असतो. आता तो सहा वर्षांचा आहे. फोनवर आजही पहिली दोन मिनिटे आठ्या घालून बसतो. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या मातीतल्या गोगलगाईंची हकीकत सुरू होते आणि मग फोन त्याच्या हातून सुटत नाही.

तरीही प्रत्येक तिरसटपणा स्वभावातला असेल असे गृहीत धरू नये. जन्मापासूनची आठी वेगळी आणि अलीकडे पडलेली आठी वेगळी. हसते-खेळते मूल काही आठवडे सतत चिडचिडे राहिले, त्याची झोप किंवा भूक बदलली, आवडत्या खेळातून मन उडाले, तर डॉक्टरांना दाखवावे. लहान आणि किशोरवयीन मुलांत नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकटते. दृष्टी वा श्रवणातला दोष, अपुरी झोप, शाळेत होणारा छळ, हीही कारणे असू शकतात. घरातल्या ज्येष्ठांनाही हेच लागू आहे. शांत स्वभावाचे आजोबा अचानक खाष्ट झाले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे सांध्यांचे दुखणे, कमी झालेले ऐकू येणे, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत.

‘गली गली सिम सिम’ या नावाने २००६ मध्ये ही मालिका हिंदीत आली, तेव्हा चमकीसारख्या हसऱ्या बाहुल्या घरोघरी पोहोचल्या. पुढे तिथेही एक कुरकुऱ्या अवतरला. त्याचे नाव खडूसा. हा शब्द आपल्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. प्रत्येक वाड्यात, चाळीत, सोसायटीत एक खडूस काका असतात. चेंडू अंगणात आला की ते ओरडतात, आणि चार दिवस चेंडू आला नाही की मुले आजारी आहेत का, असे हळूच विचारतात. त्यांच्या दारावर टकटक करणारे कोणी राहील, एवढे पाहावे. घरातल्या लहानग्या खडूसाच्या बाबतीतही काळजी घ्यायची ती इतकीच : झाकण त्याचे त्याला उघडू द्यावे, आणि ते उघडेल तेव्हा आपण जवळपास असावे.