जागा हेरणं

एक ठरलेली संख्या घ्या. शून्यापासून सुरुवात करा. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यात ठरलेली संख्या मिळवायची आणि येईल ते उत्तर पुन्हा त्याच कृतीत घालायचं. ठरलेली संख्या १ असेल तर १, २, ५, २६ असं उत्तर उधळत जातं. उणे १ घेतली तर ते उणे १ आणि शून्य यांच्यातच घुटमळत राहतं. प्रतलावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक संख्या मानून एकेकाची अशी चौकशी करायची आणि न उधळणारे बिंदू काळे करायचे, की मँडेलब्रॉट संच उमटतो. बाहेरच्या बिंदूंना ते किती फेऱ्यांत उधळले त्यावरून रंग द्यायचा. माझ्या चित्रांची सामग्री एवढीच.

१९७८ साली ब्रुक्स आणि मातेल्स्की या दोन गणितज्ञांनी हा आकार नुसत्या चांदण्यांची चिन्हं छापून काढला होता. कितीही मोठं करून पाहिलं तरी बारकावा न संपणाऱ्या अशा आकारांसाठी 'फ्रॅक्टल' हा शब्द १९७५मध्ये घडवणाऱ्या बेन्वा मँडेलब्रॉटनं १९८०मध्ये आयबीएमच्या संगणकांवर तो बारकाईनं पाहिला. आज दर्यापुरात, आमच्या घरातल्या जुन्या संगणकावर तो काही क्षणांत येतो.

उत्तरच पुन्हा प्रश्नात घालण्याची ही ओढ मला देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींमुळे लागली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, आणि करत राहा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथून पुढे संख्या हलतच नाही. शाळेत शिकवता शिकवता या माणसानं आयुष्यभर आकड्यांशी खेळ मांडला. मुलीला हे गणित घालताना मला त्यांचा फार आदर वाटतो. छंदासाठी वेगळं आयुष्य लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं.

घरकामाच्या गर्दीत कला होत नाही, असं म्हणतात. फ्रॅक्टलच्या बाबतीत मला ते पटत नाही. मोठं चित्र गणायला यंत्राला बराच वेळ लागतो, आणि तो वेळ माझ्या भाकरींचा, पाणी भरण्याचा, मुलीच्या अभ्यासाचा असतो. बघायला मात्र पूर्ण जागा डोळा लागतो. तो सकाळी, घर उठायच्या आधी मिळतो. वीज जाते म्हणून मध्यबिंदूचे आकडे, किती पट मोठं केलं ते आणि फेऱ्यांची मर्यादा मी किराण्याच्या वहीत मागच्या पानांवर उतरवून ठेवते. तेवढ्यावरून चित्र पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं.

"सारं तं मशीनच काढते, मंग तू काय करतं व?" सासूबाईंनी एकदा विचारलं. प्रश्न रास्त आहे. सूत्र माझं नाही, आकारही माझा नाही. मी जागा हेरते. काठावर उणे पाऊणच्या आसपास समुद्रघोड्यांची दरी आहे. तिथले वेटोळे सुंदर आहेत, पण इतके पाहिले गेलेत की तिथं नवं काही सांगणं अवघड. मला मुख्य देहाला चिकटलेले फुगे आवडतात. फुग्याच्या टोकाला फुटणाऱ्या शाखा, फुग्याकडून येणारा देठ धरून, मोजल्या की आतली संख्या किती पावलांनी फिरून जागेवर येते ते कळतं. तीन शाखा म्हणजे तीन पावलं, पाच म्हणजे पाच. आधी मोजायचं, मग आत शिरायचं.

आत शिरण्यालाही शिस्त आहे. फेऱ्यांची मर्यादा कमी ठेवली तर उशिरा उधळणारे बिंदू खोटेच काळे पडतात आणि नाजूक तंतू बुजतात. संगणकाचे नेहमीचे आकडे पंधरा-सोळा अंकांपर्यंतच नेमके असतात. त्यापलीकडे चित्राचे चौकोनी ठोकळे होतात आणि जास्त अंकांचं, संथ गणित लावावं लागतं.

तालुक्यातल्या लासूरला काळ्या दगडाचं यादवकालीन आनंदेश्वर मंदिर आहे. कोपऱ्यातून कोपरा काढत नेलेल्या त्याच्या भिंती पाहताना मला थांबण्याचा विचार सुचला. पाथरवटाला छिन्नी थांबवते, दगड थांबवतो. इथं थांबवणारं कुणी नाही, काठ संपतच नाही. म्हणून चौकट कुठं आवळायची हे ठरवणं हीच माझी छिन्नी. चौकटीत सगळंच सारखं गजबजलेलं असेल तर ते चित्र मी टाकून देते, कितीही खोलवरचं असलं तरी. एखादा शांत काळा भाग हवा, म्हणजे गजबज कळते.

आणि रंग. तयार रंगपट्ट्या मी वापरत नाही. त्यातली जांभळी-निळी झगमग कुठल्याही जागेला एकसारखी करून टाकते. आमच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल पहिल्या दिवशी दुधाळ असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तो एका दिवसाचा बदल मी फेऱ्यांवर बसवला: लवकर उधळणारे बिंदू दुधाळ, रेंगाळणारे गुलाबी, आणि मधला संच आपल्या काळ्या जमिनीचा. सासूबाईंनी ते चित्र पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "गुलाबी जास्त झालं. दुसऱ्या दिवसाचं फूल इतकं लाल नसते." त्यांची नजर उभ्या आयुष्याच्या पऱ्हाटीची. मी गुलाबी उतरवलं. आता पाच शाखांच्या फुग्यापाशी हीच पट्टी लावते आहे, तिथं दुधाळ किती पुरेल ते त्यांनाच विचारणार आहे.