रंग खर्चून आलेली चमक

आमच्या लाल मारुती ८००च्या टपावरून ओलं फडकं फिरवलं की फडकं गुलाबी व्हायचं. गाडी १९९८ची, आणि बहुतेक आयुष्य कोल्हापूरच्या उन्हात उभी राहून काढलेलं. दारं अजून बऱ्यापैकी लाल होती, पण टप आणि बॉनेट विटून फिकट, कोरडे, डागाळलेले. शेजारचे काका येता-जाता सांगायचे, "एकदा कलर मारून टाका." भाव काढला तर गाडी विकून जेवढे आले असते त्याहून जास्त पैसे लागणार होते.

पैशांपेक्षा मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कारखान्यात रंग लावतात तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काच, रबर, वायरिंग काहीच बसवलेलं नसतं, त्यामुळे तो सांगाडा भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. पूर्ण तयार गाडीला ती उष्णता देणं शक्यच नाही. म्हणून गॅरेजवाले हार्डनर मिसळून कमी तापमानाला सुकणारा रंग मारतात. तो वाईट असतो असं नाही, पण काचेच्या रबराच्या कडेला, दाराच्या खाचेत, बॉनेटच्या आतल्या बाजूला जोड दिसतोच. मूळ रंग जितका वाचवता येईल तितका वाचवायचा, असं मी ठरवलं.

शिवाजी उद्यमनगरात एक जुने पेंटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यात थोडं रबिंग कंपाउंड घेऊन अंगठ्यानं दोन मिनिटं चोळलं आणि पुसलं. रुपयाच्या नाण्याएवढी जागा एकदम गर्द लाल. "वैनी, रंग मेला न्हाई. वरवरचा जळलाय. खाली अस्सल हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी फडकं उलटं करून दाखवलं. त्यावर लाल डाग होता. "ह्येचा अर्थ वरनं क्लिअर न्हाई. हलक्या हातानं करा, नायतर प्रायमर दिसंल."

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, त्यालाच क्लिअर कोट म्हणतात. तो असला तर पॉलिश करताना फडक्यावर रंग येत नाही. आमच्या गाडीवर तो नव्हता, रंग तोच आणि चकाकीही त्याचीच. असा रंग उन्हानं भुकटतो. रंगद्रव्याला धरून ठेवणारं रेझिन अतिनील किरणांनी तुटत जातं, वरचे कण मोकळे होतात आणि फडक्याला लागतात. ही भुकटी काढली की खालचा शाबूत रंग वर येतो. क्लिअर कोटवाल्या गाडीचं दुखणं वेगळं. तिचा वरचा पापुद्रा एकदा सुटायला लागला की पांढरे चट्टे दिसतात, आणि त्यावर घासूनपुसून काहीही उपाय नाही, तो भाग नव्यानं रंगवावाच लागतो. जुनी, क्लिअर नसलेली गाडी या बाबतीत नशीबवान म्हणायची.

पण किती नशीबवान, तेही मोजावं लागतं. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात प्रायमर वगळला तर वरच्या रंगाच्या वाट्याला पन्नासच्या आसपास येतात. पॉलिश म्हणजे चमक लावणं असं आपण समजतो. प्रत्यक्षात पॉलिश खरवडतं. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा रंग उतरवला की ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे दर वेळी आलेली चमक त्या पन्नासातून वजा झालेली असते. हे डोक्यात बसल्यावर माझा हात आपोआप हलका झाला.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, जुन्या गाड्या घेणारे व्यापारी ते बाळगतात. माझ्याकडे फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट होता. कमी ताकदीचा असल्यामुळे तो उलट बरा. गाडीभर सगळीकडे चिकटला, पण मागच्या डाव्या चाकाच्या वर ठेवला की घसरून खाली. तिथं लांबी भरलेली होती. पत्र्याचा पोचा बुजवायला जी पुट्टी भरतात तिला गॅरेजमध्ये लांबीच म्हणतात. मी ह्यांना विचारलं, तर आधी "काही नाही, कधी लागली नाही" असं झालं, आणि चहा होईपर्यंत गंगावेशीतली एक रिक्षा आठवली. ती जागा मी वेगळी ठेवली, कारण तिथला रंग गॅरेजचा होता आणि त्याचं वागणं मूळ रंगासारखं असेल याची खात्री नव्हती.

कामाला सुरुवात धुण्यापासून. पहाटे, पत्रा थंड असताना. नुसतं पाणी मारून आधी धूळ वाहवून द्यायची, मग शाम्पूची एक बादली आणि मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायची दुसरी. शाम्पूऐवजी भांड्यांचं लिक्विड मी त्या दिवशी मुद्दाम वापरलं, कारण जुनं मेण आणि तेल काढून टाकायचं होतं. एरवी ते गाडीला लावत नाही. डांबराचे ठिपके फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन टिपले.

धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवली. नुसत्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. सगळीकडे बारीक कचकच होती. उद्यमनगरात फाउंड्र्या आहेत, रस्त्यावर ब्रेकची लोखंडी धूळ उडते, आणि हे कण रंगात रुतून बसतात. धुण्यानं ते निघत नाहीत. त्यासाठी क्ले बार लागतो, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा एक चिकट गोळा. साबणाच्या पाण्यानं पत्रा भिजता ठेवून तो अलगद सरकवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू वर आणायची. खाली पडला तर तेवढा भाग टाकून द्यायचा. खडा घेऊन उठलेला क्ले पुन्हा पत्र्यावर फिरवला तर आपणच चरे पाडतो.

मग मास्किंग टेप. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि इथेच लोक घाई करतात. पत्रा जिथे वळतो त्या धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि घासताना सगळा जोर तिथेच पडतो. बॉनेटच्या कडा, दारांची धार, मडगार्डची घडी, पाण्याच्या जेटच्या बारीक नळ्या, सगळं मी झाकलं. त्यानंतर बॉनेटवर टेपनं फूटभर चौकोन आखला आणि आधी सगळ्यात सौम्य पॉलिश लावून पाहिलं. त्यानं काम झालं असतं तर पुढे जायची गरजच नव्हती. झालं नाही, तेव्हा कंपाउंड घेतलं.

दारं हातानंच केली. गोल गोल न फिरवता सरळ रेषेत, वारा ज्या दिशेनं गाडीवरून वाहतो त्या दिशेनं. बॉनेटसाठी पुण्याच्या भाच्यानं त्याचं मशीन आणून दिलं. गॅरेजमधलं रोटरी एकाच आसावर गरागरा फिरतं, जागेवर अडलं की रंग तापवून उतरवतं. भाच्याचं डीए, म्हणजे फिरतं आणि थरथरतंही. सावकाश काम करतं, म्हणून घरच्या माणसाला योग्य. पॅड इतकं लाल व्हायचं की दर थोड्या वेळानं ब्रशनं झाडावं लागायचं, नाहीतर मेलेली भुकटी पुन्हा बॉनेटमध्येच घासली जायची. एका बाजूला उजळलेला लाल आणि दुसऱ्या बाजूला टेपच्या पलीकडचा विटका पट्टा, असं अर्धं बॉनेट झाल्यावर शेजारचे काका येऊन उभे राहिले. "कुठला कलर मारला?" त्यांनी विचारलं.

टपावर मात्र मी मध्येच थांबले. मधल्या भागात लालमधून फिकट राखाडी छटा डोकवायला लागली, म्हणजे प्रायमर जवळ आला होता. तिथे पुढे जाण्यात शहाणपणा नव्हता. जुन्या, कोरड्या पडलेल्या रंगावर तेलकट ग्लेझ सढळ हातानं चोळून रात्रभर मुरू देतात, दुसऱ्या दिवशी पुसतात. रंग गेलेला परत येत नाही, पण उरलेला गडद होतो. टप त्यानं बराच सावरला. लांबून दिसत नाही, जिन्यावरून बघितलं की दिसतं.

शेवटी मेण. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नाउबा मेण आपल्या उन्हात महिना-दीड महिना टिकतं. कृत्रिम सीलंट त्यापेक्षा बरंच जास्त. दोन्ही पातळच लावायचं. जाड लावल्यानं जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे दुखतात.

हे सगळं जमतं. अवघड असतं ते नंतर, कारण चमक बिघडवायला कोणी वाईट हेतूनं येत नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एकच बादली, एकच फडकं, सहा-सात गाड्या. धूळ बसलेल्या पत्र्यावर कोरडं फडकं मारणं म्हणजे बारीक वाळू घासणं, आणि दिव्याखाली गोल जाळं दिसतं ते यातूनच. ओरखडे खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. मी त्याला म्हटलं, फडकं नको मारूस, नुसतं पाणी मार. तो म्हणाला, "काकू, फडकं नाही मारलं तर बाकीचे म्हणतात ह्यानं कामच केलं नाही." त्याचं बरोबर होतं. त्याचे पैसे गाडी वाचवण्याचे नाहीत, पुसताना दिसण्याचे आहेत. आता आमची गाडी तो रोज करत नाही. ठरलेल्या दिवशी पाइपानं पाणी मारतो, मग मी दिलेल्या मिटनं पुसतो, पैसे तेवढेच घेतो.

आवारातला आंबा हा दुसरा विषय. मोहोर आला की तुडतुडे येतात आणि खाली उभ्या गाड्यांवर चिकटा गळतो. तो दिसला त्या दिवशीच धुतला तर पाण्यानं जातो, उन्हात वाळला की त्यावर धूळ आणि काळी बुरशी धरते. पक्ष्यांची विष्ठा त्याहून घातक. ती आम्लधर्मी असते आणि तापलेला रंग मऊ असताना तिचा ठसा त्यात उमटतो. त्यासाठी गाडीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ कापड कायम असतं. ओलं करून पाच मिनिटं ठेवायचं, मग उचलायचं, घासायचं नाही. बॉडी कव्हर मी काढूनच टाकलं. खाली धूळ आणि वर वारा असला की कव्हर दिवसभर पॉलिश पेपरचं काम करतं, आणि पावसाळ्यात आत ओल कोंडते ती वेगळीच. डिझेलचं फडकं मारून गाडी चमकवणारे ड्रायव्हर सगळ्यांनी पाहिलेत. त्यांची गाडी संध्याकाळपर्यंत धूळ ओढून बसते.

खंडेनवमीला सासूबाई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, त्यात थोडं तेल असतं. पूर्वी तो डाग दिवाळीपर्यंत राहायचा. आता आधी मेणाचा हात देऊन ठेवते, दुसऱ्या दिवशी पाण्यानं निघतं. "एवढ्या लवकर गेलं?" असं त्या विचारतात, आणि ते त्यांना फारसं आवडत नाही.

राहिले दगडाचे टवके. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा, एवढं धरून चालायचं. पत्रा उघडा पडला असेल तर गंज खरवडून, प्रायमर लावून, मग रंगाचे अगदी पातळ थर काडीच्या टोकानं भरायचे. प्रत्येक थर सुकला की पुढचा. शेवटी २०००चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त त्या थेंबावर. दारांच्या खालच्या कडा मी दर पावसाळ्याआधी गुडघ्यावर बसून बघते, कारण या गाड्यांचा गंज तिथून आत शिरतो.

२०२३ मध्ये पुन्हा आरटीओत पासिंगला गेलो. आरसी बुकावर रंग लाल लिहिलेला, आणि गाडीही आता खरोखर लाल होती, म्हणून मी जरा ऐटीतच उभी होते. साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं, चासी नंबर ताडून पाहिला, लाइट आणि वायपर लावून बघितले. बॉनेट शेवटपर्यंत उघडंच होतं. ते खाली पाडलं तेव्हा साहेब मागच्या टेम्पोकडे गेले होते.